बारा नंबरची पायरी

ॲनिस क्लेगच्या नव्या घराला पायरीच नव्हती. नगरपालिकेनं म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली ती बैठी घरं. दारापुढं सिमेंटचा उतार ठेवलेला, उद्या चाकाची खुर्ची आली तरी अडायला नको म्हणून. ॲनिस रोज सकाळी त्या उतारावर गुडघे टेकायची आणि ब्रशनं तो खसाखसा घासून काढायची. शेजारीण खिडकीतून म्हणायची, "आगं, उतार कोण घासतं का?"

"ज्याला लाज हाय ते घासतं," ॲनिस म्हणायची आणि बादली उपडी करायची.

या घासण्यामागं एक जुनं दुखणं होतं. ॲकरडेन गावात तिच्या वयाचं जे कुणी उरलं होतं, त्याला ते ठाऊक होतं.

गिरणीच्या त्या गावात बाईची किंमत दारातल्या दगडी पायरीवर ठरायची. नवरा पिऊन पडलेला चालेल, पोरांचे बूट फाटके चालतील, पण पायरी केलेली हवी. चिंध्यावाला गाडी घेऊन गल्लीत यायचा, जुने कपडे न्यायचा आणि बदल्यात एक दगड द्यायचा. साबणाच्या वडीएवढा, ठिसूळ, अंगावर गाढवाचा छाप. म्हणून तो गाढव-दगड. पायरी आधी पाण्यानं घासायची आणि ओली आहे तोवर कडेनं हा दगड ओढायचा. वाळली की पांढरी नाहीतर सायीच्या रंगाची पट्टी उमटायची. ज्या दारात ती दिसली, त्या घरातली बाई उठलीय, चूल पेटलीय, घर जाग्यावर आहे, असं गल्ली समजायची. नाही दिसली तर दुपारपर्यंत गल्ली तीन कहाण्या रचून मोकळी.

आणि सगळ्यात मोठी परीक्षा व्हिटच्या शुक्रवारी. जूनच्या तोंडाशी येणारा तो गावाचा सण. चर्चच्या आणि चॅपेलच्या रविवारच्या शाळांची पोरं नवे पांढरे कपडे घालून, रेशमी बॅनर धरून, पितळी बँडच्या मागं गावभर चालायची. मिरवणूक टेंटर स्ट्रीटवरूनच वर चढायची. त्या दिवशी गल्लीतली प्रत्येक पायरी अशी झळकायची की पाय ठेवायला जीव धजत नसे.

छत्तीस साली ॲनिस नऊ वर्षांची होती आणि चॅपेलच्या बॅनरची एक फीत तिच्या हातात होती. गल्लीच्या वळणावर आल्यावर तिनं आपल्या दाराकडं पाहिलं. बारा नंबरची पायरी तशीच होती. काळी, कोरडी, आदल्या दिवशीच्या बुटांचे ठसे मिरवणारी. तिची आई, मार्था ऑग्डन, दारात हाताची घडी घालून उभी होती आणि बँडच्या तालावर मान हलवत होती, जसं काही झालंच नाही.

मागून कुणीतरी पोरगी खिदळली. ॲनिसनं फीत मुठीत आवळली.

संध्याकाळी तिनं विचारलं, "आई, आपली पायरी का न्हाई केलीस?"

मार्था भट्टीत भाजायच्या बटाट्याच्या पायवर कणकेचं झाकण बसवत होती. "मिरवणूक बॅनर बघायला असती," ती म्हणाली. "पायरी बघत चालला तो ठेचकाळला."

एवढंच. पुढं वीस वर्षं जगली बाई, पण त्यावर आणखी एक शब्द बोलली नाही.

गल्ली मात्र बोलत राहिली. शाळेत ॲनिसचं नाव 'काळी पायरी' पडलं. ती चौदाव्या वर्षी ब्रुक मिलमध्ये मागावर गेली, तिथंही ते तिच्या मागोमाग आलं. वॉल्टर क्लेग तिला फिरायला न्यायला लागला तेव्हा त्याच्या आईनं पहिला प्रश्न केला, "कुठली? त्या बिनघासल्या पायरीची का?" वॉल्टर बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा, स्वभावानं गरीब. तो म्हणाला, "आई, मी पोरीशी लगीन करतोय, पायरीशी न्हाई." लग्न झालं, पण सासूनं मरेपर्यंत दर भेटीत आधी सुनेची पायरी न्याहाळली आणि मग घरात पाऊल टाकलं.

ॲनिसनं त्या बाईला एकदाही बोट ठेवायला जागा दिली नाही. दोन्ही मुलं झाली त्या दिवसांतसुद्धा तिनं पायरी सोडली नाही. वॉल्टर गेला त्या सकाळी डॉक्टर येण्याआधी तिनं पायरी केली होती. लोक म्हणाले, काळीज दगडाचं. तिला ठाऊक होतं की आपण हे कुणाला दाखवायला करतोय. पण ज्यांना दाखवायचं ती माणसं एकेक करून मरत होती आणि आईचा डाग काही पुसला जात नव्हता.

शेजारच्या चौदा नंबरच्या लीया मावशीची पोर क्लॅरिस ॲनिसहून चार वर्षांनी लहान. ती ब्रुक मिलमध्ये लागली आणि तिचे माग नेमके ॲनिसच्या मागांसमोर आले. मागांचा खडखडाट एवढा की कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून विणकर बाया ओठांनी बोलत. तोंड मोठं करून, भुवया उडवून, आवाज न काढता. समोरची ओठ वाचायची. शेडच्या या टोकाला सुरू झालेली चहाडी मिनिटाभरात त्या टोकाला पोचायची. चोरून काही सांगायचं असलं तर तोंडापुढं हात धरायचा.

क्लॅरिस आणि ॲनिस अशा वीस-बावीस वर्षं समोरासमोर बोलल्या. मैत्रीण म्हणावी तर मैत्रीण, दुखरी नस म्हणावी तर तीही. क्लॅरिसची पायरी गल्लीत नावाजलेली. तिच्या आईपासून चालत आलेली सरळ पांढरी रेघ, पट्टी लावून ओढावी तशी. कधी चेष्टेत, कधी भांडणात, तिच्या ओठांवर हटकून यायचं, "आमच्याकडं बाई, व्हिटच्या शुक्रवारी पायरी असते."

मग गिरणी बंद पडली. टेंटर स्ट्रीट पाडला, तिथं मोटारी लावायची जागा झाली. माणसं नव्या घरांत पांगली. गाढव-दगड बनवणारा कारखानाही मिटला. ॲनिसला वाटलं, चला, आता बोलणारे थोडे उरले आणि बघायला तर काहीच उरलं नाही.

तेवढ्यात नॉर्मन टेटलोला फोटो सापडला.

नॉर्मन हा बसचा कंडक्टर. निवृत्त झाल्यापासून गावाचे जुने फोटो गोळा करायचं वेड त्याला लागलं होतं. घरातली बिस्किटांची सगळी पत्र्याची खोकी फोटोंनी भरलेली. त्याची बायको बिस्किटं पिशवीतच ठेवायची. दरवर्षी व्हिटच्या आठवड्यात चॅपेलच्या हॉलमध्ये तो फोटो मांडायचा. लोक यायचे, चहा प्यायचे, चेहरे ओळखायचे, चिठ्ठीवर नावं लिहून फोटोखाली टाचायचे. आणि भांडायचे. "हा आमचा बर्ट!" "बर्टला एवढे केस कधी व्हते?"

एक्क्याण्णव साली ॲनिस बटाट्याच्या पायचं भांडं आणि लाल कोबीच्या लोणच्याची बरणी घेऊन हॉलमध्ये शिरली. समोरच्या भिंतीवर टेबलाएवढा मोठा करून लावलेला फोटो होता. टेंटर स्ट्रीट, व्हिटचा शुक्रवार, छत्तीस साल. बॅनर, बँड, पांढऱ्या पोरी. आणि डाव्या अंगाला ओळीनं दारं, प्रत्येक दाराखाली उजळ पट्टी. एका दाराखाली नव्हती.

भांडं कुठं ठेवू ते तिला कळेना.

हॉलच्या पलीकडच्या टोकाला क्लॅरिस डोरीनबरोबर उभी होती. डोरीन जुनी विणकर, कानानं आता पार गेलेली, त्यामुळं दोघी अजून ओठांनीच बोलायच्या. ॲनिसनं सवयीनं वाचलं.

"बघितलीस का?" क्लॅरिसचे ओठ म्हणत होते. "ऑग्डनीणीची पायरी. पंचावन्न वर्षं झाली, अजून घासायचीच हाय."

डोरीन हसली. तिच्या ओठांनी म्हटलं, "हळू. लेक आलीय."

"आली तर आली. फोटोत हाय ते हाय."

ॲनिसनं भांडं खाली ठेवलं, ताठ उभी राहिली आणि खोलीच्या या टोकावरून तोंड भरून, बिनआवाजी उत्तर दिलं, "मला अजून दिसतं म्हटलं, क्लॅरिस. चष्म्याशिवाय."

क्लॅरिसनं चहाचा कप तोंडाला लावला.

फोटोखाली टाचलेल्या चिठ्ठीवर नॉर्मनच्या टपोऱ्या अक्षरात होतं: 'मिरवणुकीसाठी गल्लीतल्या सगळ्या पायऱ्या घासलेल्या. अपवाद फक्त बारा नंबर, ऑग्डन.'

"हे कुणी सांगितलं तुला?" ॲनिसनं विचारलं.

"क्लॅरिसनं. का गं, चुकलंय का?" नॉर्मनचा चेहरा निरागस होता. "मला तर पायऱ्या दिसल्याच न्हाईत बघ आधी."

"गडी माणसाला कशा दिसतील? तुम्ही त्यावर पाय देता." तिनं आवाज खाली आणला. "हा फोटो कापून लाव, नॉर्मन. गुडघ्यापासून खालचा भाग काढून टाक."

"आगं, कसा कापू? सगळ्या पोरींचे नवे बूट जातील! तुझे पण. आणि हा वाचनालयात कायमचा लागणार हाय. काच बसवून."

"कायमचा?"

"मी मेलो तरी राहील."

म्हणजे आपण मेल्यावरही राहील, ॲनिसच्या मनात आलं. आपल्याला ओळखणारं कुणी उरणार नाही. बॅनर कुठल्या चॅपेलचा तेही कुणाला कळणार नाही. पण चिठ्ठी राहील, आणि चिठ्ठीत आई राहील, या एकाच कारणासाठी.

"चिठ्ठी तरी काढ," ती म्हणाली.

नॉर्मन डोकं खाजवत राहिला. "खोटं असलं तर काढतो. खरं हाय का खोटं?"

फोटोत होतं ते होतं.

नॉर्मनला वाईट वाटलं असावं. त्यानं तिच्यापुढं खुर्ची ओढली, हातात भिंग दिलं. "ते राहू दे घटकाभर. या फीतवाल्या पोरींची नावं सांग. तुझ्याशिवाय आता कुणाला येणार न्हाईत."

ॲनिसनं भिंग धरलं. आधी स्वतःलाच शोधलं. फीत मुठीत आवळलेली, चेहरा रडवेला. मग इतर पोरी. ही बेकरीवाल्याची मेबेल. ही तिची मावसबहीण, नंतर कॅनडाला गेली. नॉर्मन लिहीत गेला. पोरी संपल्या तशी ती दारातल्या माणसांकडं वळली. आठ नंबर, म्हातारा शॉ, खुर्ची बाहेर काढून बसलेला. दहा नंबर, दोघी बहिणी. बारा नंबर तिनं ओलांडला. चौदा नंबरच्या दारात एक लहान पोर पांढऱ्या झग्यात एकटीच उभी होती.

ती क्लॅरिस. ॲनिस नाव सांगणार तोच तिचं भिंग पोरीच्या पायाशी थांबलं.

पायरीच्या कडेला पट्टी होती, बाकीच्यांसारखीच उजळ. पण दोन्ही टोकांना ती पट्टी आत वळली होती. झोपलेल्या मांजराच्या शेपटीसारखा एकेक गोल वळसा.

लीया मावशी जन्मात वळसा काढायची नाही. ती सरळ रेघेची. टेंटर स्ट्रीटमध्ये वळसा काढणारी एकच बाई होती, मार्था ऑग्डन. ॲनिस स्वतः आयुष्यभर तोच वळसा काढत आली होती. तिला मनगटापासून खांद्यापर्यंत तो पाठ होता.

भिंग तसंच धरून ती बसून राहिली. डोक्यात त्या आठवड्याचे सुटे तुकडे आपोआप जागेवर येऊ लागले. छोटी क्लॅरिस त्या आठवड्यात त्यांच्याकडंच जेवत होती, ॲनिसच्याच पलंगावर पायाकडं डोकं करून निजत होती. लीया मावशीचा घसा आलाय, लागण होईल, घरात जायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. क्लॅरिसचा बाप रात्रपाळीला खाली मान घालून जायचा आणि सकाळी खाली मान घालून यायचा. डॉक्टर मात्र कुणी पाहिला नाही. आणि रविवारी लीया मावशी रस्त्यावरून चालत आली होती. डोक्यावर नवी हिरवी हॅट. घसा आलेली बाई घराच्या आतून बाहेर यायला हवी. ही स्टेशनाकडून आली होती. नऊ वर्षांच्या पोरीला त्यात हॅट तेवढी दिसली होती.

व्हिटच्या आठवड्यात चिंध्यावाला यायचा नाही. दगडाचं थोटूक तेवढं घरात उरलेलं असणार. एका पायरीपुरतं. आणि मार्था ऑग्डन मेली असती पण कुणाच्या दारात अर्धा दगड मागायला गेली नसती. चौदा नंबरची पायरी काळी राहिली असती तर बँड कोपऱ्यावर पोचण्याआधी गल्लीला कळलं असतं की घरात बाई नाही. बारा नंबरची काळी राहिली तर काय, मार्था दारात उभी होतीच. तिला फक्त आळशी म्हणता येत होतं.

"ॲनिस? त्या दारात कोण गं?" नॉर्मननं विचारलं.

हॉल आता भरला होता. क्लॅरिस कप घेऊन फोटोजवळ आली होती आणि दोन तरण्या पोरींना सांगत होती, "...सगळ्या गल्लीत ही एकच. आमच्या आईची बघा, चौदा नंबर. आजारी असून केली व्हती बाईनं."

ॲनिसनं तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. मोठ्यानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. तिच्या आईच्या वाट्याला पंचावन्न वर्षं आलेलं सगळं एका वाक्यात पलीकडच्या दारात सरकलं असतं.

तिला पाच वर्षांच्या पोरीचा तो झगा दिसत होता. तो तिच्या आईनं इस्त्री केला असणार.

"क्लॅरिस," ती म्हणाली, "इकडं ये जरा. या दारात कोण ते सांग नॉर्मनला. मला नीट दिसंना."

"चष्म्याशिवाय दिसतंय म्हणालीस की मगाशी." क्लॅरिस हसत पुढं आली, भिंग घेतलं. "आगं बया, ही तर मीच! काय झगा गं तो!"

"आणि पायाखाली?"

क्लॅरिसनं भिंग खाली सरकवलं. आधी नुसतीच पाहत राहिली. मग वाकली, कप नॉर्मनच्या हातात दिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. साठ वर्षांची बाई, चाळीस वर्षं पायरी केलेली. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

तिनं मान वर केली. तोंडापुढं हात आडवा धरला, डोरीनला दिसू नये असा, आणि ओठांनी म्हटलं, "हा हात आमच्या आईचा न्हाई."

"न्हाई," ॲनिसचे ओठ म्हणाले.

"आजारी व्हती ना?"

ॲनिस काहीच बोलली नाही. तेही क्लॅरिसनं वाचलं.

"तुला कधीपासून ठाऊक?"

"आत्ता. तुला बोलावलं त्याच्या आधी जरासं."

"मग बोलली का न्हाईस? मी एवढी बडबडत व्हते."

"माझी आई बोलली न्हाई," ॲनिसचे ओठ म्हणाले. "मी कशाला बोलू?"

क्लॅरिसनं हात खाली घेतला. मग फोटोखालची चिठ्ठी टरकन ओढून काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नॉर्मन, हे चुकलंय. दुसरं लिही."

"आगं, तूच सांगितलंस की!"

"मी चुकले. बारा नंबरच्या मार्था ऑग्डनकडं त्या दिवशी दगड नव्हता. शेजारणीला दिला व्हता तिनं. तसं लिही."

"कुठल्या शेजारणीला?"

"शेजारणीला म्हटलं ना. शेजारणीला नंबर असतो का?"

"पण तुला कसं ठाऊक? तू पाच वर्षांची..."

"मला ठाऊक हाय म्हंजे हाय. लिहितोस का मी लिहू?"

डोरीन ओठ वाचत पुढं आली. "आगं, मगाशी तर तू..."

"डोरीन," क्लॅरिस म्हणाली, "तुझा चहा गार झाला."

नॉर्मननं लिहिलं. एका हातात क्लॅरिसचा कप असल्यानं अक्षर थोडं तिरकं आलं. मग तीच चिठ्ठी कायम राहिली. आजही वाचनालयात काचेखाली ती तिरकीच आहे.

घरी जाताना दोघी चढावर दमल्या आणि जिथं टेंटर स्ट्रीट होता तिथं, मोटारींच्या जागेच्या कठड्यावर टेकल्या. क्लॅरिस म्हणाली, "हिरवी हॅट व्हती आमच्या आईकडं. कधी घातली न्हाई. कपाटावर पडून असायची. तीच का?"

"तीच."

"कुठं गेली व्हती?"

"ते मला ठाऊक न्हाई. स्टेशनाकडून आली एवढं बघितलं."

"बापानं काय केलं?"

"चहा ठेव म्हणाला, असं आई सांगायची. मला वाटायचं, घसा बरा झाला म्हणून चहा."

क्लॅरिसला हसू आलं, आणि मग नाक पुसावं लागलं. "गल्लीला कळलं नसंल गं?"

ॲनिसनं हाच विचार चढावर केला होता. दोन्हीकडं बाया, त्यातल्या प्रत्येकीला दुसरीचा हात ओळखू येणारा. "कळलंच असंल," ती म्हणाली. "निम्म्या गल्लीला तरी. म्हणून तर आमच्या पायरीवर एवढं बोलल्या. एकीवर बोललं की दुसरीवर बोलावं लागत न्हाई."

"आणि मी पण त्यांच्यात."

"तू कुठं, तू तर पोर व्हतीस. नंतर मात्र लई बोललीस."

"लई," क्लॅरिसनं कबूल केलं. "पण तुझा वळसा डावीकडं जरा बसका यायचा. ते मी अजून पण बोलणार."

"बोल की. तुझी रेघ तरी कुठं सरळ व्हती शेवटी शेवटी."

शुक्रवारी मिरवणूक नव्या घरांवरून जाणार होती. ॲनिसनं सकाळी दोन खुर्च्या उतारावर मांडल्या, किटली झाकून ठेवली. क्लॅरिस आली. बँड अजून खालीच होता, ट्रॉम्बोनचा आवाज तेवढा वर येत होता. शेजारीण खिडकीत आली आणि तिनं उताराकडं पाहिलं. आदल्या दिवशीच्या बुटांचे ठसे तसेच होते.

"ॲनिस! आज सणाचं घासायचं राहिलं वाटतं?"

"मिरवणूक बॅनर बघायला असती," ॲनिस म्हणाली आणि क्लॅरिसचा कप भरला.